गोजराची पोर

रंभाबाईनं शेणाचा गोळा भिंतीवर थापला. अंगणाच्या कडेला उभी असलेली अनोळखी बाई तेवढ्यात म्हणाली,

"तुमची गोजरा गेली."

रंभाबाईचा हात भिंतीवरच राहिला. मग तिनं गोवरीच्या कडा सारख्या केल्या आणि पाटीतून दुसरा गोळा घेतला.

"कशानं?"

"क्षयानं. दवाखान्यात ठेवलं होतं, पण फार उशीर झाला होता."

"हं."

बाईचं नाव शलोमीबाई. पुण्यात नदीकाठच्या वस्तीत ती मिशनचं दूधकेंद्र आणि पोरांची शाळा चालवायची. पोटुशी असताना गोजरा सासरचा मार चुकवून इथं नेऱ्याला, माहेरी आली होती. बापानं दारात उभं केलं नाही, म्हणून ती पुण्याला गेली. बांधकामावर विटा वाहायची आणि पोरीला शलोमीबाईकडं सोडायची. ती गेल्यावर पोर शलोमीबाईच्याच घरी राहिली. पाद्रीसाहेब म्हणाले, आधी रक्ताच्या माणसांना विचारा. म्हणून ती पोरीला घेऊन आली होती. पानशेतच्या पुरात तिनं वस्तीतली इतकी माणसं चिखलातून काढलेली पाहिली होती, की तेव्हापासून तिचं रडणं आटलं होतं. नेऱ्याच्या वाटेवर तिनं प्रार्थनेला डोळे मिटले, पण काय मागावं ते तिला सुचलं नाही.

गोजराचा बाप भिवाजी रानातून आला. बायकोनं हात न थांबवता त्याला सांगितलं. तो ओट्यावर टेकला. बराच वेळ तो पायाची माती खरवडत होता. शलोमीबाईच्या पदराआड उभी असलेली पोर त्याच्याकडं बघत होती.

"हीच का?"

"हो. चंद्रा."

"ऱ्हाऊ द्या हितं. म्हशींमागं जाईल. चार-पाच सालांत लगीन लावून उजवून टाकू."

शलोमीबाईनं होकारार्थी मान हलवली. या घरातून नकारच येणार, असं ती धरून चालली होती, हे तिला आत्ता कळलं. तिनं कपड्यांचं गाठोडं ओट्यावर ठेवलं. पोरीची बोटं लुगड्यातून एकेक सोडवली. पोर रडली नाही. वस्तीतली पोरं फारशी रडत नसत.

निघताना रंभाबाईनं भांडं लागू न देता तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. शलोमीबाई प्यायली आणि सडकेकडं चालू लागली. पाय चालत होते.

ओढा ओलांडताना मागून हाक आली. रंभाबाई पोरीला कडेवर घेऊन भराभर येत होती. गाठोडं तिच्या काखेत होतं, हाताला शेण तसंच वाळलेलं.

"घेऊन जा हिला."

"पण तिचे आजोबा..."

"त्यांचं मी बघून घेती. गोजरालाबी असंच उजवलं व्हतं." तिनं काखेतलं गाठोडं सावरलं. "तुमच्याकडं शिकवत्यात न्हवं?"

"शिकवतो."

"मग शिकवा."

तिनं पोर पुढं केली. शलोमीबाईनं घेतली. दोघींची बोटं एकमेकींना लागली, पण रंभाबाईनं हात मागं घेतला नाही.

"येक हाय. नाव बदलू नगा. लेकीनं ठेवलंय."

पोरीचा बाप्तिस्मा व्हायचा होता, आणि पाद्रीसाहेबांनी दुसरं नाव काढून ठेवलं होतं.

"साहेबांना विचारावं लागेल," ती म्हणाली.

"इचारा न्हाईतर नगा इचारू," रंभाबाई म्हणाली. "तुमी काय म्हनताल, ते सांगा."

शलोमीबाईनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. रंभाबाईनं उत्तराची वाट पाहिली नाही. हातावरचं शेण ओढ्यात धुऊन ती माघारी वळली.

पुढच्या रविवारी वस्तीतल्या पत्र्याच्या खोलीत उपासना झाली. पाद्रीसाहेबांनी पोरीला जवळ घेतलं आणि शलोमीबाईकडं पाहिलं.

"नाव?"

हा प्रश्न केवळ रीतीचा होता. नाव त्यांना माहीत होतं.

"चंद्रा," शलोमीबाई म्हणाली.

साहेबांनी भुवया उंचावल्या.

"चंद्रा," ती पुन्हा म्हणाली, तेवढ्याच आवाजात.

त्यांनी पोरीच्या डोक्यावर पाणी सोडलं. मग सगळे गाऊ लागले. शलोमीबाईनं पोरीला मांडीवर घेतलं आणि पदरानं तिचे केस पुसले. केस कोरडे झाले, तरी ती पुसतच राहिली.