पहिली बादली

मुळ्यांच्या घरात नळ सोडला की पहिली बादली जास्वंदीला जायची. हा काही कुळाचार नव्हे. पाणी लाल यायचं म्हणून. बादलीभर वाहून गेलं की जरा पांढरं यायचं, मग ते प्यायचं, त्यात भात टाकायचा, देवाला घालायचं. घरातल्यांना याची इतकी सवय झाली होती की पाणी लाल येतं हेच ती विसरून गेली होती. जास्वंद मात्र माजली होती.

हरिहर मुळ्ये, म्हणजे आपले हरिभाऊ, कोणी विचारलंच तर ठणकावून सांगायचे, "लोह आहे त्यात, लोह! शहरातली माणसं त्याच्या गोळ्या विकत घेतात." जन्मभर पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस पाण्यावर बोलला की रत्नागिरीत चार लोक ऐकतात. खात्यात ते कालवे नव्हे, पगारबिलं बघायचे, ही गोष्ट ते सांगत नसत. रिटायर झाल्यावर तर त्यांची त्यांनाही ती आठवेनाशी झाली होती. हे मी पदरचं सांगत नाही हो, हरिभाऊंचेच शब्द आहेत. आता ते ही सगळी कथा स्वतःच सांगतात, आणि ऐकणाऱ्याआधी स्वतः हसतात.

घरातले पाईप त्यांच्या वडिलांच्या वेळचे, लोखंडी. कुठे गळलं की हरिभाऊ पाना घेऊन उठायचे. सुतळी, सफेदा, सायकलची फाटकी ट्यूब आणि वरून एमसीलचा गोळा. पद्मजाकाकू म्हणायच्या, "अहो, प्लंबरला बोलवा." "प्लंबर काय वेगळं करणार आहे?" हे हरिभाऊंचं ठरलेलं उत्तर. वेगळं एवढंच, की प्लंबरने केलेलं पुन्हा गळलं नसतं.

हे असंच चाललं असतं. पण पुण्याला लेकीला, स्वानंदीला, दिवस गेले. एकुलती एक पोर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. काकूंनी डिंक आणून ठेवला, हरिभाऊंनी तिच्या खोलीची खिडकी रंगवली. आणि विहीणबाईंचा, राजश्रीबाईंचा, फोन आला. साखरपुड्याला आल्या होत्या तेव्हा त्यांनी आपल्या हाताने नळ सोडून पेला भरला होता, तो त्या विसरल्या नव्हत्या.

"रागावू नका हरिभाऊ, पण बाळाचा प्रश्न आहे. पाण्याचं काही होणार असेल तर मी स्वतः स्वानंदीला आणून सोडते. नाहीतर इथेच करू सगळं."

फोन ठेवून हरिभाऊ लोहाचा विषय काढणार होते, तेवढ्यात काकूंचा बांध फुटला. "माझी पोर माहेरी येणार नाही ती तुमच्या त्या एमसीलपायी!" दुसऱ्या दिवशी ते गुमान शेजारच्या नाचणे गावात जाऊन बाळा प्लंबरला घेऊन आले.

बाळाने पहिल्याच भिंतीत छिन्नी घातली आणि आत डोकावून म्हणाला, "काका, पायप कधीच गेलाय. उभा हाय तो निसता तुमचा एमसील." हरिभाऊंना वाटलं, कौतुक करतोय. त्यांनी मान डोलावली.

भिंती फोडून झाल्या, अंगणात चर खणून झाला, आणि शिमगा आला. बाळा पालखी नाचवायला राजापूरकडे आपल्या गावी पसार झाला. शिमग्याला कोकणी माणसाला अडवायची कोणाची टाप आहे? तो येईपर्यंत हरिभाऊ शेजारच्या विहिरीवर रहाट ओढत होते आणि येणारा-जाणारा विचारत होता, "काय हरिभाऊ, आज पाटबंधारे खातं स्वतः जातीने?"

बाळा परतला तो पायाला भिंगरी लावूनच. नवे पांढरे पाईप घरभर फिरले. राहिला एक तुकडा, माळ्यावरच्या टाकीतून स्वयंपाकघरात उतरणारा. पुरुषभर उंचीचा असेल.

"ह्याला हात लावायचा नाही," हरिभाऊ आडवे आले.

"काका, ह्यो पण तसलाच हाय."

"तसला नाही! स्वानंदीच्या बारशाच्या आदल्या दिवशी मी बसवलाय तो, माझ्या हाताने. आजपर्यंत एक थेंब गळलेला नाही."

हे मात्र खरं होतं. त्यांनी केलेल्या सगळ्या कामांत न गळलेलं हे एवढंच. बाळाची पुढच्या कामावर माणसं खोळंबली होती. "तुमची मर्जी," म्हणाला, आणि त्याने वर नवा पाईप, खाली नवा पाईप, मध्ये हरिभाऊंचा तुकडा असं जोडून दिलं.

नळ सुरू करून बघितला. काकूंनी सवयीने पहिली बादली न बघताच जास्वंदीला ओतली. दुसरी बादली काचेसारखी स्वच्छ! हरिभाऊंनी तिचा फोटो काढून राजश्रीबाईंना पाठवला, आणि रविवारी संध्याकाळी दोघी आल्या.

स्वानंदीने पाय धुतले आणि सासूबाईंना म्हणाली, "तुम्ही बसा, पाणी मी आणते." जरा वेळाने तिने पेला आणून दिला. राजश्रीबाईंनी तो उजेडाकडे धरला, मग प्यायल्या. "छान हो पाणी," म्हणाल्या. झालं! हरिभाऊ चढले हरभऱ्याच्या झाडावर. जेवण होईपर्यंत पाईप या विषयावर ते एकटेच बोलत होते.

सकाळी ते दात घासून स्वयंपाकघरात आले तर राजश्रीबाई ओट्यापाशी उभ्या. सगळ्यांच्या आधी उठून गरम पाणी घ्यायची त्यांची सवय. हातात काचेचा पेला, आणि पेल्यात कोकम सरबत असावं तसं पाणी.

"हरिभाऊ, हे काय आहे?"

"त्याचं असं आहे," हरिभाऊंनी घसा खाकरला, "तो बाळा. शिमग्यातून आलेला माणूस, कामात लक्ष असतं होय त्याचं? काहीतरी..."

काकू फक्त माळ्याखालच्या त्या तुकड्याकडे बघत राहिल्या.

राजश्रीबाईंनी पेला खाली ठेवला. "मी दुपारच्या गाडीने तिला परत घेऊन जाते. वाईट वाटून घेऊ नका."

दारात स्वानंदी येऊन उभी होती, एक हात पोटावर. तिचा चेहरा बघितला मात्र, हरिभाऊंच्या तोंडातला बाळा कुठच्या कुठे गेला. "बाळाचा दोष नाही," ते म्हणाले. "माझा आहे. तो नको म्हणत असताना हा तुकडा मी ठेवलाय. उगाच, मिजास म्हणून. आत्ता काढतो!" आणि कोणी काही म्हणायच्या आत स्टुलावर चढून त्यांनी करवत चालवलीसुद्धा.

"अहो, आधी कॉक तरी—" काकू ओरडल्या.

कॉक! एवढी टाकी वर भरलेली. पाण्याने हरिभाऊंना डोक्यापासून धुतलं. बनियन लाल, जानवं लाल, भुवया लाल. शिमगा सरून दिवस झाले होते आणि हे रंग खेळून आल्यासारखे स्टुलावर उभे. काकू धावत जाऊन कॉक बंद करून आल्या. हरिभाऊंनी हातातला तुकडा उजेडाकडे धरून आत बघितलं. गंज इतका, की करंगळी जाईना.

"एक थेंब गळला नाही म्हणत होतो ना," ते म्हणाले, "थेंबाला जागाच नव्हती हो!"

राजश्रीबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू आवरेना. शेवटी त्या पाटावर बसूनच हसल्या. "आमच्याकडे गिझरला एक जोड आहे, आमच्या ह्यांनी केलेला. हात लावू देत नाहीत कोणाला." डोळे पुसून म्हणाल्या, "बोलवा तुमच्या बाळाला. पहिलाच पेला स्वच्छ आलेला मी बघणार, आणि मग जाणार. एकटी."

काकू फोनकडे पळाल्या. राजश्रीबाई पिशवी उघडायला आतल्या खोलीत गेल्या. स्वानंदी पंचा घेऊन आली आणि बापाचं डोकं पुसायला लागली.

"राहशील ना गो?" हरिभाऊंनी विचारलं. "तू गेली असतीस तर मी... मला काही सुचलं नसतं."

"बाबा, काल आल्या आल्या पाणी मी का आणलं?" ती त्यांच्या कानाशी हळूच म्हणाली. "पहिली बादली मागच्या दाराने जास्वंदीला घालून आले. आजही घालणार होते. सासूबाई माझ्या आधी उठल्या, त्याला मी काय करू?"

हरिभाऊंनी तिच्या हातून पंचा घेतला आणि कोरडं झालेलं तोंड बराच वेळ पुसत राहिले.