छप्पर उघडायला दोन माणसं लागतात

“आधी मागच्या काचेची चेन उघडायची, मग छपराला हात लावायचा. उलटं केलंत तर काच मोडेल, आणि मग माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत.”

बऱ्याच वर्षांपूर्वी मला घरपोच द्यायला आलेल्या ड्रायव्हरने हे सांगितलं तेव्हा नवा मालक माझ्या स्टिअरिंगवरून हात फिरवत होता. माणसाचे हात इतके गुंतले की कान ओस पडतात. ऐकलं ते बाजूला उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने. तिने एकदाच मान हलवली.

मित्रांनो, मी एक जुनी, कापडी छपराची गाडी आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात माझा जन्म झाला. बसायला दोनच जागा, रंग गडद हिरवा. दिवे एरवी बॉनेटमध्ये झोपलेले असतात. कळ दाबली की पापण्या उघडाव्यात तसे वर येतात. माझ्या छपराच्या मागे जी काच आहे ती काच नाहीच, पारदर्शक प्लास्टिक आहे, छपराला चेनने जोडलेलं. उन्हाळ्यात ते मऊ असतं. थंडीत कडक होतं, आणि मग त्याच्याशी सांभाळून वागावं लागतं. हल्ली मी विकायला काढलेली आहे, आणि मला फार राग आलेला आहे. विकलं जाण्याचा नव्हे. गाडीचं आयुष्य या हातातून त्या हातात जाण्यासाठीच असतं. राग कशाचा, ते सांगते.

माझा मालक चष्मेवाला. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचा. सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही निघायचो, टेकडीवरच्या वळणांच्या रस्त्याला. चालवायचा मात्र छान. वळणाआधी वेग उतरवायचा, गिअर कधी कुरकुरू दिला नाही. तेवढं श्रेय मी त्याला देते.

पण माझी निगा राखली ती त्याच्या बायकोने, माझ्या बाईने. सकाळी अंगण झाडून झालं की ती गॅरेजमध्ये यायची. ओल्या फडक्याने धूळ टिपायची, मग कोरड्या फडक्याने पुसायची. छपराच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी वाहून जायला बारीक छिद्रं आहेत. ती तुंबली की पाणी आत मुरतं आणि पत्रा खालून कुजतो, कुणाला पत्ता लागत नाही. बाई त्यांत नायलॉनची दोरी घालून पानांचा कचरा काढायची. ताप असला तरी यायची. आजारपणात शेजारणीने विचारलं, “आज एक दिवस नाही पुसली तर काय बिघडेल?” तर म्हणाली, “गाडीचं काही नाही बिघडायचं. नेम मोडेल तो माझा.”

आणि छप्पर. ते उघडण्याची आमची एक रीत होती. तो आपल्या जागी बसून पुढचे दोन खटके सोडायचा. तेवढ्यात बाई उतरून मागे जायची, चेन उघडायची, काच अलगद आडवी करून तिच्यावर फ्लॅनेलचा तुकडा पसरायची आणि डिक्कीवर दोनदा थाप मारायची. थाप ऐकली की तो एका हाताने छप्पर मागे ढकलायचा. मग ती डोक्याला रुमाल बांधत येऊन बसायची. इतकी वर्षं त्याची समजूत अशी, की बायको रुमाल बांधायलाच उतरते. थाप म्हणजे “झाला बांधून” अशी खूण. दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या या माणसाने एकदाही मान वळवून मागे बघितलं नाही.

पेट्रोल पंपावर लोक भोवती जमायचे. “काय जपलीय हो साहेब तुम्ही. कालच शोरूममधून आणल्यासारखी.” साहेब हसून म्हणायचे, “आवड लागते.” बाई शेजारी रुमालाची गाठ घट्ट करत बसलेली असायची. तेव्हापासून माझ्या पोटात आग आहे. इंजिनाची नव्हे, ती वेगळी.

एकदा तिने विचारलं होतं. टेकडीवर थांबलो होतो, दोघं बॉनेटला टेकून उभी होती. “मला शिकवाल का हो चालवायला?” तो म्हणाला, “तुला कशाला? मी आहे ना.” प्रेमानेच म्हणाला, हे मी खोटं सांगणार नाही. बाईने पुन्हा विचारलं नाही. घरी आल्यावर फडकं घेऊन तिने माझ्या चाकांवरचा चिखल काढला, नेहमीपेक्षा बराच वेळ.

पुढे त्याच्या कंबरेचं ऑपरेशन झालं. माझी बैठक जमिनीलगत. वाकून आत शिरायचं आणि क्लच दाबायचा, हे डॉक्टरांनी बंद केलं. तो हातात काठी घेऊन गॅरेजच्या दाराशी यायचा, बघायचा, परत जायचा. एक दिवस त्याने धाकट्या भावाला फोन करून सांगितलं, “विकून टाक.” बाई तिथेच भाजी निवडत होती. तिला विचारलं नाही.

मग सुरू झाले बघे. एकाने थंड इंजिन गुरगुरवून मोबाईलवर माझा आवाज भरून घेतला आणि गेला. एकजण माझ्या आत बसून फोटो काढण्यापुरताच आला होता. तिसऱ्याने माझ्याखाली वाकून बघितलं, गंजाचा ठिपका सापडला नाही म्हणून त्याच्या कपाळाला आठी. “इतकी चांगली कशी? काहीतरी दडवलंय.” ऐका मित्रांनो. बिघडली असती तर दोष, नीट राहिली तर संशय.

शेवटी हॉटेलवाला आला. थंडी मी म्हणत होती. धाकट्याने मला गॅरेजबाहेर अंगणात काढलं होतं. हॉटेलवाल्याने एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, “हिरवा रंग उठून दिसेल दारात. दिव्यांच्या माळा सोडू.”

“दारात म्हणजे?” मालकाने विचारलं.

“हॉटेलच्या दारात. शोभेला. इंजिन काढून टाकायचं, त्या जागी बर्फाची पेटी बसवायची. सरबताच्या बाटल्या ठेवायच्या. लोक रांग लावून फोटो काढतील.”

धाकटा म्हणाला, “बघ दादा, मान मिळेल गाडीला. गॅरेजमध्ये कुढत बसण्यापेक्षा बरं.”

माझं इंजिन उपटून तिथे बर्फ भरणार, आणि मालक काठीची मूठ चोळत उभा. मला हॉर्न वाजवता आला असता तर सगळी आळी गोळा केली असती.

“छप्पर उघडून दाखवा की,” हॉटेलवाला म्हणाला.

धाकटा आत बसला. मालकाने बाहेरून ऐटीत सांगितलं, “पुढचे दोन खटके सोड आणि ढकल मागे. एका हाताने होतं. मी आयुष्यभर तेच केलंय.”

धाकट्याने ढकललं. चेन बंद. प्लास्टिक थंडीने कडक झालेलं. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला, आणि माझी मागची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटली.

बाई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिने ट्रे पायरीवर ठेवला.

“चेन नाही उघडलीत?” ती म्हणाली.

“कसली चेन?” मालकाने विचारलं.

“काचेची. मी उघडते ती.”

“तू?” तो तिच्याकडे बघत राहिला. “तू तर रुमाल बांधायला उतरायचीस.”

“रुमाल काय, बसल्या बसल्याही बांधता येतो.”

धाकटा चिडला. “वहिनी, मग आधी नाही का सांगायचं?”

“भाऊजी, मला चहा करायला सांगितलं होतं. तो केला.”

हॉटेलवाला हसला. “जाऊ द्या हो. फाटली तर फाटली, मला कुठे चालवायचीय?”

तेव्हा बाई पुढे झाली. तिचा आवाज कधीच चढत नाही, त्या दिवशीही चढला नाही. “चालवायची नसेल तर द्यायची नाही. चहा घ्या, गार होतोय.”

“मी तर होकार देणार होतो,” मालक पुटपुटला.

“तुम्ही द्याल. माझा होकार नाही.”

हॉटेलवाल्याने चहा घेतला नाही. धाकट्याने घेतला, आणि जाता जाता टोमणाही मारला, “आता गाडीची मालकी कुणाची तेच कळेना बाबा. पुढचं गिऱ्हाईक वहिनींनीच आणावं.”

“आणीन,” बाई म्हणाली.

ती दोघंच उरली. बाईने रुंद पारदर्शक चिकटपट्टी आणली आणि फाटलेल्या कडा जुळवू लागली. मालक म्हणाला, “ठेवून तरी काय करायचं? मला बसवत नाही, तुला चालवता येत नाही.”

बाईचा हात थांबला. “येत नाही, का शिकवलं नाही?”

तो काठीच्या टोकाने जमीन उकरू लागला. मला वाटलं, बरं झालं. तुमच्यापैकी कुणाला हे कठोर वाटेल. वाटू द्या.

“विकूया,” ती म्हणाली. “मला गाडी अडवून नाही ठेवायची. पण जो रस्त्यावर काढेल त्यालाच. आणि जाण्याआधी एकदा मला चालवायचीय. तुम्ही शेजारी बसून शिकवायचं.”

“या कंबरेने? त्या जागेत मी मावायचा तरी का?”

“मी मावले इतकी वर्षं.”

तो पट्टीचं टोक दाबून धरायला पुढे झाला. म्हणाला, “उद्या सकाळी. गोदामांमागच्या पटांगणात. शब्द देतो.”

माझा राग तेवढ्याने शमला नाही. लोकांच्या “उद्या”वर माझ्या जातीच्या कितीतरी गाड्या ताडपत्रीखाली कुजल्या आहेत.

मित्रांनो, मला घ्यायचं असेल तर अवश्य या. माझी मागची काच चिकटवलेली आहे, ती बदलून घ्यावी लागेल. बाकी पाण्याची छिद्रं मोकळी आहेत, पत्रा निरोगी आहे. मात्र चालवणार असाल तरच या. आणि कुठलीही वस्तू छान राखलेली दिसली तर समोर बसलेल्याचं कौतुक करून मोकळे होऊ नका. मागे कोण उभं आहे ते मान वळवून बघा. इतकंही जमत नसेल तर कौतुक करूच नका. ते ऐकून आम्हा वस्तूंचा संताप होतो.

आज सकाळी बाई अजून अंगण झाडत होती. धुकं होतं. गॅरेजचं शटर वर गेलं आणि मालक आत आला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाठीला लावायची उशी. माझी किल्ली त्याने दाताखाली धरली होती. स्टिअरिंगच्या बाजूच्या दारातून हात घालून त्याने ती किल्ली त्या सीटवर ठेवली आणि दार हलकेच लावलं. मग बॉनेटवर तळहात टेकत, एकेक पाऊल टाकत तो वळसा घालून पलीकडच्या दाराकडे निघाला.