शेंडा ट्री केअर प्रायव्हेट लिमिटेडची पहिली सभा

कंपनी काढायला गेले तेव्हा हारिसने आधी खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग विचारलं, "वहिनी, धंदा नक्की काय म्हणून लिहू?"

"झाडांची निगा," मी म्हटलं. "नारळ पाडणं, झावळ्या काढणं, धोक्याच्या फांद्या उतरवणं, कीड लागली तर औषध घालणं. लाकूडतोडीचा धंदा असं काही लिहिलंस तर टेबल उलथवीन."

हारिस मुरूडचा. रेवदंड्याच्या बाजारात सीएच्या ऑफिसात बसतो आणि लोकांना कंपन्या काढून देतो. त्याच्या वडिलांना मी चांगली ओळखते, त्यामुळे तो मला थोडा घाबरून असतो आणि ते मला सोयीचं पडतं. कॉम्प्युटर बडवता बडवता तो मला समजावू लागला. प्रायव्हेट लिमिटेड म्हणजे जबाबदारी मर्यादित. उद्या फांदी कुणाच्या गाडीवर पडली, दावा लागला, तर जे काय जायचं ते कंपनीचं जाईल. राहतं घर, गळ्यातलं मंगळसूत्र, कशाला कुणी हात लावायचा नाही.

"आणि माणूस पडला तर?"

"अल्लाह न करे. पण तरी तेच."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे पडणाऱ्यानं पडायचं आणि बाकीच्यांनी हात झटकायचे, याला कंपनी म्हणतात होय? ते तर लोकांना कंपनी न काढताही छान जमतं!"

हारिसनं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. रघूचं त्याला ठाऊक होतं. रेवदंड्यात ते ठाऊक नसलेला माणूस शोधावा लागेल.

रघू माझा नवरा. मी त्याला नावानं हाक मारते म्हणून सासूबाई शेवटपर्यंत माझ्यावर धुसफुसत होत्या. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो माडांवर चढत आलेला. गेल्या वर्षी मे महिन्यात मांडव्याच्या रस्त्यावरच्या एका बंगल्यांच्या वसाहतीत तो माडावरून पडला आणि त्याचा पाय खुब्यात मोडला. मी धावतपळत दवाखान्यात पोचले, तर वसाहतीचा मॅनेजर सलिल बाहेर उभा राहून फोनवर कुणाला तरी सांगत होता, "नाही नाही, तो आमचा माणूस नाही. बाहेरून आला होता." एवढं बोलून गाडीत बसून तो निघून गेला. उपचार आमचे आम्ही केले. रघू आता पाय ओढत चालतो. कसा पडलास म्हणून विचारलं की "घसरला पाय" म्हणतो आणि भिंतीकडे तोंड करतो. मी समजायचे, दुखतंय.

त्याच्या हाताखालचे सहा जण होते. गणराज, विठोबा, शब्बीर आणि आणखी तिघं. त्यांना वाऱ्यावर कसं सोडणार? फोन मी घ्यायला लागले, कामं मी ठरवायला लागले आणि बंगलेवाल्यांशी भांडायलाही मीच लागले. भांडण मला चढण्यापेक्षा सोपं जातं. तेवढ्यात वसाहतीनं फतवा काढला: यंदापासून काम फक्त नोंदणीकृत कंपनीला. सहाही जणांचा अर्ध्या वर्षाचा रोजगार तिथला. मी म्हटलं, कंपनी पाहिजे ना तुम्हाला? घ्या कंपनी!

"वहिनी, जबाबदारी मर्यादित म्हणजे शून्य नव्हे," हारिस हळूच म्हणाला. "सगळ्यांचा विमा उतरवा. तो कंपनीनं भरायचा. मग पडणारा वाऱ्यावर नाही राहणार."

हे मला पटलं. डायरेक्टर दोन लागतात म्हणाला. एक मी, दुसरा रघू.

"मी कशाला?" रघू म्हणाला. "मी आता चढत न्हाय."

"डायरेक्टर चढत नसतात, बसतात. तेवढं तुला येतं."

खूप दिवसांनी हसला. फोटोसाठी त्यानं पुतण्याच्या लग्नातला शर्ट घातला. नाव काय द्यायचं यावर हारिसने ग्रीन अमुक, इको तमुक अशी यादी वाचली. मी म्हटलं, शेंडा. चढणारा जिथं पोचतो ते. मंजुरी फोनवर आली तेव्हा रघूनं फोन डोळ्यांजवळ धरला. "यात माझं पण नाव हाय व्हय?" त्यानं विचारलं आणि ते पुन्हा पुन्हा वाचलं.

करारावर सह्या करायला आम्ही टेम्पोनं वसाहतीत गेलो. सहाही जण कोयते, दोर घेऊन बरोबर होते, कारण सह्या झाल्या की काम लगेच सुरू करायचं होतं. शनिवार-रविवारचे पाहुणे यायचे होते आणि हिरवळीवरचे माड पिकल्या नारळांनी लदलेले. खाली खुर्च्या मांडलेल्या. एखादा नारळ कुणाच्या टाळक्यात बसायचा, याचा सलिलला घोर लागला होता.

त्यानं आम्हाला ऑफिसात बसवलं. यंदा मॅडम म्हणाला, सर म्हणाला. पाणी दिलं. करार मी ओळन् ओळ वाचला, आणि शेवटच्या पानावर थांबले. तिथं लिहिलं होतं की गतवर्षीच्या अपघाताला श्री. रघुनाथ हे स्वतः, त्यांच्या निष्काळजीपणामुळे, जबाबदार असून वसाहतीचा त्याच्याशी संबंध नाही.

"हे काय आहे?"

"फॉर्मॅलिटी हो, मॅडम. जुनं प्रकरण मिटवायचं, एवढंच. रघुनाथ सर आता डायरेक्टर आहेत, त्यांचीच सही होऊन जाईल." मग आवाज उतरवून म्हणाला, "नाहीतर आम्हाला दुसरी कंपनी बघावी लागेल. बाहेर सहा माणसं बसलीत, त्यांचाही विचार करा."

मी पान टरकावणारच होते. रघूनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "गोदा, सहा घरं हायत," तो म्हणाला आणि त्यानं पेन उचललं. वाटलं, आता हा सही करणार आणि जन्मभर भिंतीकडे तोंड करून निजणार.

रघूनं ते वाक्य बोट ठेवून वाचलं. परत वाचलं. मग करार घेऊन उठला आणि पाय ओढत थेट हिरवळीवर गेला. कुंपणाजवळच्या माडाखाली थांबला. मी मागोमाग, सलिल माझ्या मागोमाग.

"बस," रघू मला म्हणाला. "हारिस म्हणला ना, पहिली सभा महिन्याच्या आत घ्यायची? कुठं घ्यायची याचं काय बंधन न्हाय. दोघं डायरेक्टर हायत. घेऊ."

मी पदर खोचला आणि गवतात मांडी घातली. रघू पाय पसरून बसला, मला करार उलटा करून दिला. "पाठकोऱ्या बाजूवर लिही."

"इथे बसता येणार नाही," सलिल म्हणाला. "पाहुणे येतायत."

"सभा चाललीय," मी म्हटलं.

फाटकाशी बसलेले सहा जण काय चाललंय बघायला येऊन उभे राहिले. रघू त्यांच्याकडे बघून बोलू लागला. इतकं सलग बोलताना त्याला मी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

"त्या दिवशी वळवाची सर येऊन गेलेली. खोड वलं. मी हात लावून बघितला नि म्हटलं, आज न्हाय. आधी मी हरीभाऊंच्या वाडीत चढायचो, तिथं चढणारा एवढं म्हणला की मालक घरी जायचा. का म्हणून इचारत नसे. हितं ह्या साहेबांना सांगितलं, तर हे म्हणले, पाहुणे शहाळ्यांसाठी खोळंबलेत. चढायचं नसेल तर उद्यापासनं तुमच्यातला कुणीच येऊ नका. म्हणून चढलो."

"तू मला पाय घसरला म्हणालास!"

"घसरलाच. पण न्हाय म्हटल्यावर चढलो, तवा घसरला. त्याची लाज वाटत व्हती. पाय मोडल्याची न्हाय."

मला रडू आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम. रडू मी गिळलं.

"असं कोण बोललं? काही पुरावा?" सलिलचा चेहरा लाल झाला होता.

"साहेब," मी म्हटलं, "ही आमच्या कंपनीची सभा आहे. तुम्ही बाहेरचे. मध्ये बोलायचं नाही."

रघूनं सांगितलं आणि मी लिहिलं. ठराव पहिला: हा करार नामंजूर. ठराव दुसरा: चढणाऱ्यानं नाही म्हटलं की नाही. मालकानं चढवायचं नाही, गिऱ्हाइकानं चढवायचं नाही, कंपनीनंही चढवायचं नाही. का, असं विचारायचं नाही. रघूनं सही केली. त्याच्याखाली मी केली.

"आणि आमचं काम?" शब्बीरनं विचारलं. त्याच्या घरी खाणारी तोंडं बरीच.

"इथलं गेलं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "दुसरं शोधीन. शोधून देईन."

शब्बीरनं मान खाली घातली. ते बघून सलिलला धीर आला. तो गणराजजवळ गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "यांचं राहू दे. तू एकटा चढ. एवढे हिरवळीवरचे उतरव, मागशील ते देतो."

गणराजनं कोयता कमरेला नीट खोचला. तो माडाशी गेला, खोडावर तळवा टेकला, मान वर करून शेंड्याकडे बघितलं. ऊन रखरखत होतं. खोड कोरडं ठणठणीत होतं.

"आज न्हाय," गणराज म्हणाला.

"का?" सलिलनं विचारलं.

शब्बीरनं रघूला हात देऊन उठवलं आणि आम्ही टेम्पोकडे निघालो.