भिंतीवरचा थेंब

चंद्रकला वर्गात आली तेव्हा तिचा खालचा ओठ फुटलेला होता. रक्त सुकून काळं पडलं होतं आणि गालावर चार बोटं उमटली होती. सातवीची पोरं वळून बघू लागली. तिने कुणाकडे न बघता विज्ञानाचं पुस्तक काढलं आणि बाकावर उघडून ठेवलं.

मी जवळ जाऊन विचारलं, "कोणी मारलं वं?"

"बाबानं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, दार लावून घ्या. ते येऊन राहिले. सोबत लोकं हायेत."

मी आधी माझ्या लेकीकडे, मित्राकडे पाहिलं. दोन वर्षांची पोर, टेबलाखाली बसून खडूचे तुकडे ओळीत मांडत होती. सासूबाई उमरेडला गेलेल्या, शेजारच्या तुळसाबाईंना ताप, म्हणून तिला शाळेत आणलं होतं. ती झाल्यापासून मी कुठल्याही खोलीत शिरले की आधी बाहेर पडायची वाट हेरून ठेवते. या खोलीला दार एकच. खिडक्यांना गज, गजांवर काळे पडदे.

ते पडदे मशीनसाठी शिवून घेतले होते. मायक्रोस्कोपला झगझगीत दिवा आणि आरसा जोडलेलं ते यंत्र. बिडाचा जड पाया, उचलायला दोन हात लागत. काचेवर ठेवलेला पाण्याचा थेंब ते भिंतीवर दारभर मोठा करून दाखवी. शिक्षकांच्या शिबिरात पाहिल्यापासून मी हेडमास्तर महादेवरावांच्या मागे लागले होते, तेव्हा कुठे ते शाळेत आलं. पुस्तकातल्या आकृत्या पोरं पाठ करत, पण एकाही पोराने त्यातला जीव कधी हलताना पाहिला नव्हता.

आदल्या दिवशी मी पोरांना घरचं पिण्याचं पाणी आणायला सांगितलं. औषधाच्या रिकाम्या बाटल्या आल्या. आमच्या बौद्धवस्तीच्या विहिरीत तरुण मंडळ ब्लीचिंग पावडर टाकायचं. त्या पाण्याचा थेंब भिंतीवर जवळजवळ कोरा दिसला. मग विणकरवस्तीतल्या बावडीचा थेंब ठेवला. ती पायऱ्यांची विहीर, देवीची. त्यात औषध टाकू देत नसत, कारण देवीचं स्नान त्याच पाण्याचं. भिंतीवर एकदम धावपळ सुरू झाली. टणाटण उड्या मारणारे, एका डोळ्याचे किडे.

"हा सायक्लॉप्स," मी सांगितलं. "नारूच्या जंताचं पिल्लू याच्या पोटात वाढतं. आपण पाणी पितो, वर्षभराने पायातून नारू निघतो. तो पाय पाण्यात बुडवला की नारू पुन्हा पिल्लं सोडतो."

त्याच अंधारात आमच्या वस्तीतला एक पोट्टा ओरडला, "तुमच्या हिरीत किडे नाचून राहिले गा! आतापर्यंत आमीच पाणी बाटवतो म्हणत होते ना?"

वर्ग खदखदून हसला. अर्धाच वर्ग. माझ्या आईला त्या बावडीच्या पायरीजवळून दगड मारून हाकललं होतं, त्यामुळे ते हसू मला गोड लागलं. मग न हसलेला अर्धा वर्ग दिसला. मी घाईने पदर चौपदरी करून त्यातून बावडीचं पाणी गाळलं, पुन्हा थेंब ठेवला. भिंत रिकामी. "पाहा, साध्या कापडाने होतं. तुम्ही तर कापड विणणारे." पण तोवर मधल्या सुट्टीची घंटा झाली होती, आणि मैदानात दोन वस्त्यांची पोरं एकमेकांची डोकी फोडत होती.

चंद्रकलेने मारामारी केली नाही. ती विणकरवस्तीतल्या आपल्या घरी गेली. तिच्या बापाच्या, बाबनरावच्या नडगीतून नारू निघत होता. देवीचा कोप, म्हणून तो रोज सकाळी बावडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय बुडवून उभा राही. त्यांच्याकडे तोच उपाय. आज सकाळी ती पायरीवर आडवी उभी राहिली. "बाबा, पाण्यात पाय नोका घालू. सारी वस्ती तेच पिते." साऱ्या बायांसमोर.

चंद्रकलेचं ऐकून मी दाराला कडी लावली. कडी दोन लाथांत उखडली.

पाच-सहा जण आत घुसले. हातात काठ्या, एकाकडे मागाचा लाकडी दांडा. बाबनराव लंगडत आला. नडगीला फडकं, फडक्यातून बाहेर आलेली काडी, काडीला गुंडाळलेला दोऱ्यासारखा पांढरा नारू. हातात पितळी गिलास, काठोकाठ भरलेला.

"पोट्टेहो, घरी जा!" तो ओरडला.

पोरं बाकांवरून उड्या टाकत पळाली. चंद्रकलेची वेणी त्याने धरून ठेवली. मी मित्राला टेबलाखालून ओढून कडेवर घेतलं. बाहेर व्हरांड्यात महादेवराव हात जोडून "बाबनराव, शांत व्हा, शाळा आहे," म्हणत होते, आणि कुणीतरी त्यांना भिंतीवर ढकललं.

"काहून मास्तरीणबाई?" बाबनराव म्हणाला. "देवीच्या पाण्यात किडे हायेत म्हणते?"

"मी सगळ्यांच्या विहिरींचं पाणी दाखवलं."

"आणि तुमचंच तेवढं साफ निघालं! मशीन तुह्या हातात, बाटली तुह्या हातात." त्याने गिलास चंद्रकलेच्या तोंडाला लावला. "पी. हिच्यासमोर पी."

तिने दात आवळले. पाणी फुटक्या ओठावरून खाली ओघळलं. त्याने तिला उलट्या हाताची मारली, ती बाकाच्या कोपऱ्यावर आपटली आणि खालीच बसली.

"तिला कशाला मारता? ती तुमच्याच भल्यासाठी..."

"माह्या भल्याचं तू नको पाहू!" तो माझ्याकडे वळला. त्याची नजर माझ्यावर नव्हती, मित्रावर होती. "चल, तुह्या शास्त्राची परीक्षा घेऊ. हे पाणी तुही पोट्टी पिते. काही झालं तं तू खरी. नाही झालं तं हे मशीन तू स्वतः रस्त्यावर नेऊन फोडायचं."

"नारू वर्षाने कळतो, बाबनराव."

"म्हणजे आज काही नाही होत ना!" मागचे हसले. "पाज मंग."

दोघांनी माझे खांदे मागून धरले. गिलास मित्राच्या ओठांशी आला. तिला खेळ वाटला. तिने तोंड उघडलं. सकाळपासून ती तहानलेली होती, हे मला तेव्हा आठवलं. त्या पितळेच्या कडेपाशी मला पाणी दिसत नव्हतं, एकडोळ्याच्या उड्या दिसत होत्या. माझा उजवा हात सुटा होता. मी पदर मुठीत गोळा करून गिलासाच्या तोंडावर दाबला.

"पाजा," मी म्हणाले. "पण यातून."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग मागून एक जण किंचाळला, "ही आपल्या पदरातून देवीचं पाणी गाळते! बाटवलं रे!"

बाबनरावने गिलास भिंतीवर फेकला. माझे केस धरून डोकं टेबलावर आपटलं. मित्रा माझ्या हातातून घसरली, टेबलावर पडली आणि रडायच्या आधी तिचा श्वास अडकला. तो अडकलेला श्वास मी ऐकला. बाबनरावचा दुसरा हात तिच्या दंडाकडे जात होता.

त्यानंतर मी काही ठरवलं नाही. खांद्यांवरची पकड सुटली होती; टेबलावरचं मशीन दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्यावर घातलं. खांद्याला लागून ते खाली गेलं, बिडाचा पाया थेट नडगीवर. काच फुटली, आरसा फुटला, आणि बाबनराव असा ओरडला की काठ्या जागच्या जागी थांबल्या. फडकं सुटलं होतं. काडी एकीकडे, नारूचा तुकडा एकीकडे, जखमेतून दुधासारखं पाणी आणि रक्त. महिनाभर रोज पेरभर ओढून काढलेला नारू आत तुटला होता. त्याचा अर्थ मला ठाऊक होता. पाय सुजणार, पू होणार, तापाने माणूस जायचा.

मी मित्राला उचललं. तिचा श्वास सुटला, ती रडली. माझ्या भुवईतून रक्त तिच्या झबल्यावर पडत होतं.

"उचला त्याले," दांडेवाला म्हणाला. "बावडीवर न्या. पाय पाण्यात घाला, देवी सांभाळंल."

चौघांनी त्याला उचललं. ते दाराशी पोचण्याआधी चंद्रकला तिथे उभी होती. दोन्ही हात चौकटीला लावून. नाकातून रक्त येत होतं.

"बावडीवर नाही. दवाखान्यात."

"बाजूला हो वं!"

"नाही होत. मारा."

दांडा तिच्या हातावर बसला. ती वाकली, पण हात सोडला नाही. मी पडल्या बाकांवरून, काचांवरून चालत गेले आणि मित्राला घेऊन तिच्या शेजारी उभी राहिले. दार अरुंद होतं, दोघींनी भरलं.

"यायच्यावरून जा तुडवत," कुणीतरी म्हणालं. दांडा पुन्हा वर गेला.

"थांबा गा!" हा आवाज बाबनरावचा होता. चौघांच्या हातांवर लोंबकळत, दात खात तो आपल्या पोरीच्या हाताकडे बघत होता. मनगट भलतीकडेच वळलं होतं. "रिक्षा आणा. मेडिकलच्या दवाखान्यात चला. हिलेही घ्या."

माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. आम्ही वाट दिली. चंद्रकला मोडला हात छातीशी धरून त्यांच्यामागे गेली. त्यांची पावलं मैदानातून रस्त्याकडे गेली, बावडीकडे नाही. मी मात्र दारातच उभी होते. मित्राने माझ्या खांद्यात दात रुतवले होते, ते मला आता दुखायला लागलं होतं.