वाचून दाखवले, बरोबर आहे

कोर्टात सव्वीस वर्षं साक्षी टाईप करून टायपिस्टकाकांना एक खोड जडली होती. तिथे वकिलाचा प्रश्न कागदावर येत नाही, तो उत्तराच्या पोटात घालायचा: ‘हे म्हणणे खरे नाही की मी दारू प्यायलो होतो.’ कोणी प्रश्नाला उत्तर दिलं की काकांची बोटं आपसूक चालत. जेवताना ताटाच्या कडेवरसुद्धा.

लेकीने लग्नासाठी पसंत केलेला चित्रकलेचा मास्तर भेटायला आला, तेव्हा काकांनी घरचं जुनं मशीन टेबलावर मांडलं. मास्तरची नोकरी कायम नव्हती आणि तेवढ्यावरून काका नकार द्यायला टपलेच होते. लेक दारात नखं कुरतडत उभी होती.

आता तुमची उलटतपासणी, असं काकांनी जाहीर केलं. मास्तरने भीत भीत अर्थ विचारला, तसे काका खुलले. आपल्या बाजूचा विचारतो ती सरतपासणी. तिथे साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालायचं नाही. विरुद्ध बाजूचा विचारतो ती उलटतपासणी. तिथे खुशाल घालावं, गिळायचं की थुंकायचं ते त्याने बघावं.

पाच मिनिटांत कागदावर आलं: ‘माझी नोकरी तात्पुरती आहे हे खरे आहे. मी भाड्याच्या खोलीत राहतो हे खरे आहे. हे म्हणणे खरे नाही की मी आळशी आहे.’ मास्तरला घाम फुटला आणि लेकीचे डोळे भरून आले.

हात पुसत काकू बाहेर आल्या. कोर्टातल्या साक्षी रोज संध्याकाळी ऐकून त्याही तयार झाल्या होत्या.

“आपल्या लग्नाच्या वेळी तुमची नोकरी कायम होती, असं माझं म्हणणं आहे.”

“छे, कुठली कायम!” काका बोलून गेले, आणि बोटं चालली.

“खोली तरी स्वतःची होती?”

“भाड्याचीच की.” खटखट खटखट.

“मग माझ्या वडिलांनी चूक केली?”

मशीन थांबलं. सासऱ्यांनी तेव्हा एक अक्षर न विचारता त्यांना मुलगी दिली होती.

“नाही केली,” ते म्हणाले, आणि बोटांनी तेही इमानाने उतरवलं. खाली सवयीने, प्रत्येक साक्षीच्या शेवटी येतं ते ‘वाचून दाखवले, बरोबर आहे’ हेसुद्धा.

काकूंनी कागद ओढून मोठ्याने वाचला. नोकरी तात्पुरती, खोली भाड्याची, पुन्हा नोकरी तात्पुरती, पुन्हा खोली भाड्याची. मास्तरचं कुठे संपलं आणि काकांचं कुठे सुरू झालं, काही कळेना.

सही कुणी करायची, असं मास्तरने विचारलं.

“दोघांनी,” काकू म्हणाल्या.

काकांनी मुकाट्याने सही केली आणि पेन पुढे सरकवलं.

“घ्या, जावईबापू.”