एका जिन्यावरचं कुलूप

शिलाईच्या त्या कारखान्यात बाईंना सगळ्याजणी श्वासबाई म्हणायच्या. तोंडावर अर्थातच मॅडम. कोणीही कसलंही गाऱ्हाणं घेऊन वर गेली, की बाई आधी श्वास घ्यायला लावायच्या. चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. नवरा हात उगारतो? श्वास. सुपरवायझर अंगावर ओरडतो? श्वास. "घेऊन घ्या गं, उद्या संडासासारखाच श्वासालाही पास लागेल," असं म्हणत खालच्या हॉलमधल्या बायका फिदीफिदी हसायच्या.

बाई वाईट नव्हत्या हो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. समुपदेशनात त्यांची बारा वर्षं गेली होती आणि माणसाचं ऐकून घ्यावं तर त्यांनीच. कंपनीने त्यांना हॉलच्या बरोबर डोक्यावर एक खोली दिली होती. दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा, येणाऱ्याच्या पाठीमागे टांगलेलं घड्याळ. खालच्या मशिनींनी फरशी थरथरायची, म्हणून बाईंनी जाड सतरंजी अंथरून घेतली. येणं-जाणं पुढच्या ऑफिसच्या दाराने. हॉलमध्ये उतरणारा आतला जिना होता, पण त्याचं त्यांना कधी कामच पडलं नाही.

काजवाली पहिल्यांदा वर आली ती खुर्चीच्या कडेवरच टेकली. नऊ वर्षं काजाच्या मशिनीवर बसलेली बाई, शर्टाला काजं पाडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आता रोज तीनच्या सुमाराला तिला दरदरून घाम फुटायचा.

"मागच्या दाराला कुलूप असतं, मॅडम. माल चोरीला जातो म्हणे. आग लागली तर आम्ही दोनशे जणींनी पळायचं कुठून?"

बाई मायेने पुढे झुकल्या. "कुलूप दिसलं की शरीरात कुठे काय जाणवतं?"

काजवाली बघतच राहिली. "शरीरात? कुलूप दाराला आहे, मॅडम."

बाईंनी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. त्यांच्या धंद्याची शिकवणच तशी होती. समोरचा सांगतो ते बाहेर जाऊन पडताळायचं नाही, पडताळणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. त्याच्या मनात काय चाललंय तेवढं आपलं. शिकवण काही खोटी नव्हे, तिच्यावर कितीतरी माणसं तगली आहेत. पण ती काही लोखंडी कुलपासाठी केलेली नव्हती!

अकरा बुधवार काजवाली वर येत राहिली. सहाव्या बुधवारी तिच्या तोंडून निघून गेलं, की लहानपणी काकाने तिला एकदा कोठीच्या खोलीत कोंडलं होतं. झालं! बाईंना हर्ष झाला, अगदी हरवलेली किल्ली सापडावी तसा. फाईलवर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'बंद जागेची भीती. मूळ बालपणात.' आणि काजवालीला श्वास शिकवला. ती बिचारी मशिनीवर बसून प्रामाणिकपणे मोजायची.

त्याच महिन्यात बाईंनी एका सभेत भाषण केलं. मन आजारी पडतं ते अन्यायाने, एकेका माणसाला शांत करून समाज बरा होत नाही, सत्तेला प्रश्न विचारले पाहिजेत, वगैरे. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंची थोरली बहीण पहिल्या रांगेत होती. सारी हयात तिने नर्सचं काम केलं, दोनदा संपात तुरुंगही पाहून आली. घरी परतताना ती म्हणाली, "बोललीस झकास. पण कारखान्यात खाली कधी उतरतेस का गं?"

"ताई, माझं काम वरच्या खोलीत असतं."

"हं," ताई म्हणाली. ते 'हं' बाईंना दोन दिवस टोचलं, मग टोचायचं थांबलं.

बाराव्या बुधवारच्या आदल्या दिवशी हॉलमध्ये धूर झाला. काजवालीने श्वास मोजला नाही. तिने हातोडा उचलला, मागच्या दाराचं कुलूप फोडलं आणि दोनशे बायका अंगणात धावल्या. नंतर कळलं, एक मोटर जळली होती, एवढंच. कोणाला ओरखडाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी काजवालीला कामावरून काढलं. घबराट पसरवली, दार मोडलं. आणि कुलूप? छे, कुलूप नव्हतंच, काजवालीचं डोकं फिरलंय! पुरावा म्हणून मॅनेजरने श्वासबाईंची फाईल काढली. फायली ऑफिसच्या कपाटात ठेवायच्या असा नियम होता, बाईंनीच त्यावर सही केली होती. कोण वाचतंय, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. दार तर आठवड्याच्या आत नवंकोरं बसलं, फुटकं कुलूपही गायब. हॉलमधल्या बायकांची अळीमिळी गुपचिळी, नोकरी सगळ्यांनाच हवी होती.

काजवाली बाईंच्या घरी आली. "मला काढल्याची चौकशी बसलीय, तिथे तुम्ही सांगा, मॅडम. तुमचं ऐकतील. घरात कमावती मी एकटीच आहे."

बाईंनी ठरवलं. नोकरी गेली तर गेली, पण बोलायचं.

चौकशीच्या खोलीत लांबट टेबल होतं, वर पंखा कुरकुरत होता. बाई उभ्या राहिल्या आणि ठणकावून बोलल्या. "ही बाई आजारी नाही. तिची भीती खरी होती, कारण कुलूप खरं होतं." मॅनेजर खाली बघत बसला. काजवालीचा चेहरा उजळला.

चौकशी अधिकारी सरळ माणूस होता. त्याने पेन उघडलं. "मॅडम, कुलूप तुम्ही पाहिलंत?"

"तिने मला अकरा वेळा सांगितलं."

"तिने सांगितलं, ते कळलं. तुम्ही पाहिलंत का?"

एक शब्द पुरला असता. हो म्हणायचं, की काम फत्ते. पण खोटी साक्ष त्यांच्या जिभेवर येईना, आणि खरी साक्ष तर त्यांच्याकडे नव्हतीच.

"नाही."

"तुमच्या खोलीपासून ते दार किती लांब?"

"एक जिना," बाई म्हणाल्या.

त्याने फाईलमधली ती सुवाच्य अक्षरातली ओळ मोठ्याने वाचली, वर बघितलं आणि पेनाला टोपण लावलं.

बाहेरच्या बाकावर बाई बसल्या त्या जवळजवळ कोसळल्याच. हवा आत जाईना. काजवाली शेजारी बसली. तिने बाईंच्या पाठीवर हात ठेवला. त्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं.

"सावकाश, मॅडम. चार मोजून आत घ्या. एक... दोन..."

ती मोजत राहिली, बाईंचे डोळे वाहत राहिले. श्वास ताळ्यावर आल्यावर काजवाली उठली, पिशवी खांद्याला लावली. तिला दुसऱ्या कारखान्यात काम विचारायला जायचं होतं.

"एकदा नुसतं खाली यायचं होतं तुम्ही," ती म्हणाली. "मी दाखवलं असतं."