शिफूंचं औषध

सिंगापूरचा चहाचा व्यापारी म्हणून हॉस्पिटलात दाखल झालेल्या म्हाताऱ्याने तोंड उघडलं आणि योगिनीच्या अंगावर काटा आला. "आधी दुखणं थांबवा," एवढंच तो चिनीत म्हणाला. पण वाक्य संपताना दातांच्या फटीतून वारा सोडायची ती लकब तिच्या कानात मुरलेली होती. हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या तिच्या घरात आईच्या फोनवर रोज सकाळी हाच आवाज लागायचा. आईला चिनीचं एक अक्षर कळत नसे, तरी ती हात जोडून ऐकायची.

शिफू हान, म्हणजे गुरू हान. शुभ्रदीप साधनेचे संस्थापक. जगभर त्यांचे साधक होते, आणि हैदराबादेतही.

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी विचारलं.

योगिनीने सांगितलं. परदेशी पेशंटांचं बोलणं डॉक्टरांना सांगायचं, हीच तिची नोकरी होती. नर्स इंजेक्शन घेऊन आली तेव्हा शिफूंनी आपणहून बाही वर सारली. ते पाहताना तिला धाकटा भाऊ गिरीश आठवला.

गिरीश शाळेत असल्यापासून इन्सुलिनवर होता. हर्षवर्धन नावाच्या एका इंजिनिअरने मलेशियाहून परतल्यावर कुकटपल्लीत साधनेचं केंद्र काढलं, तिथे तो जाऊ लागला. मग आईलाही नेऊ लागला. पहाटे बागेत उभं राहून श्वास घ्यायचा, हात सावकाश वर न्यायचे, एवढंच ते होतं. गिरीशची चिडचिड कमी झाली, झोप लागू लागली. योगिनीलाही बरं वाटलं होतं. शिकवणीचा पुढचा भाग नंतर आला. आजार म्हणजे मागच्या जन्मांचा मळ, तो जळू द्यावा. औषध घेतलं की मळ आत कोंडतो. दोन वर्षांपूर्वी योगिनी कामासाठी चेन्नईला गेलेली असताना गिरीशने इन्सुलिन सोडलं. आठवडाही निघाला नाही.

वडील त्याआधीच गेले होते. मुलगा गेल्यावर तरी आई, सुशीलाबाई, हे सोडतील, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी उलट आपल्या ब्लडप्रेशरच्या गोळ्याही बंद केल्या.

शिफूंच्या यकृतात गाठ होती. सोबत फक्त एक पुतण्या होता. एका दुपारी तो जेवायला खाली गेला, तेव्हा योगिनी खुर्ची ओढून पलंगाशी बसली.

"शिफू, आजार म्हणजे मळ असतो ना?"

म्हाताऱ्याने मान वळवली. "तू कोण?"

"माझा भाऊ तुमचा साधक होता. मधुमेह होता त्याला. एकतिसाव्या वर्षी गेला."

ते नाकारतील, रागावतील, असं तिला वाटत होतं. पण ते हळूहळू बोलायला लागले. चीनमधल्या कोळशाच्या खाणींच्या गावात त्यांचा जन्म झाला होता. कारखान्यात ते बॉयलरवर होते. कारखाना बंद पडला, आणि दवाखाना कारखान्याचाच असल्यामुळे तोही बंद पडला. गल्लीतली माणसं नुसती कण्हत पडलेली असायची.

"मला बागेतल्या एका म्हाताऱ्याने श्वासाचे चार प्रकार शिकवले होते, ते मी शेजाऱ्यांना शिकवले. औषध मिळतच नव्हतं. म्हणून मी म्हणालो, औषध नकोच. लोकांना धीर आला. एक बाई काठी टाकून चालली. पुढच्या वर्षी मैदान भरलं."

"नंतर औषध मिळायला लागलं असेल."

"मिळायला लागलं. तोवर मी शिफू झालो होतो. माझ्या बायकोला गाठ झाली. तिने डॉक्टरचं नावही काढलं नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता. ती गेल्यावर मी शब्द मागे घेतला असता, तर तिला मीच मारलं असं झालं असतं. मग सरकारने साधनेवर बंदी घातली. माझं नाव सोडत नाहीत म्हणून माणसं तुरुंगात मेली. त्यांना काय सांगायचं होतं मी?"

"आणि आता इथं कसे आलात?"

"मला मरायची भीती वाटते," शिफू म्हणाले.

"मग एवढंच सांगा तुमच्या लोकांना. मी फोनवर रेकॉर्ड करते."

त्यांनी डोळे मिटून घेतले. पुतण्या परत आला तरी ते उघडले नाहीत.

पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नाही, हा नोकरीचा पहिला नियम. योगिनीने त्याच संध्याकाळी तो मोडला. सुशीलाबाई गवार मोडत बसल्या होत्या.

"आई, शिफू इथं आलेत. आमच्या हॉस्पिटलात."

"खरंच?" आईचा चेहरा उजळला. "दर्शन होईल गं मला?"

"ते आजारी आहेत. औषधं घेतायत."

"उगं काही बोलू नको."

"सुई आली तेव्हा त्यांनी स्वतः बाही वर केली, आई. मी शेजारीच उभी होते."

सुशीलाबाईंनी शेंगा बाजूला सारल्या. लेक खोटं बोलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. "गिरीशनं मागितली होती सुई," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी. आई, दे म्हणाला. फ्रिजमध्येच होती. मी म्हटलं, थोडं सोस रे, आता जळतच आलंय."

योगिनीला जवळ जावंसं वाटलं, पण जाता येईना.

दुसऱ्या दिवशी सुशीलाबाई साधनेच्या बागेत गेल्या आणि सगळ्यांदेखत जे ऐकलं ते सांगितलं. हर्षवर्धन शांतपणे म्हणाला, "मावशी, दुःखानं तुम्ही परेशान झालात. घरी जा." बाकीच्यांनी त्यांच्याकडे पाठ केली. हर्षवर्धननेच वर कळवलं असावं. शिफूंच्या पुतण्याची तक्रार हॉस्पिटलकडे आली आणि योगिनीची नोकरी गेली. पंधरवड्याने शिफू वारले. हॉस्पिटलातल्या मैत्रिणीने तिला फोनवर सांगितलं, शेवटपर्यंत ते डॉक्टरांचा हात धरून होते. साधकांना मात्र निरोप आला की शिफूंनी डोंगरावर ध्यानात बसून देह ठेवला.

बरकतपुऱ्याच्या पद्मावतीबाई, निवृत्त शिक्षिका, त्याच गटात होत्या. छातीतली गाठ पदराखाली झाकून त्या साधना करायच्या. सुशीलाबाई त्यांच्या दाराशी जाऊन बसू लागल्या. दार उघडत नसे. सून खिडकीतून "नक्को आंटी, जाओ" म्हणायची. एके सकाळी पद्मावतीबाईंनी स्वतःच दार उघडलं. वेदनेने त्यांना सरळ उभं राहता येत नव्हतं. योगिनीने रिक्षा आणली. डॉक्टरांनी तपासलं, आणि आता फक्त दुखणं कमी करता येईल म्हणाले.

महिन्याभराने त्या गेल्या. अंत्यविधीला सून सुशीलाबाईंसमोर येऊन उभी राहिली. "विश्वास होता तोवर हसत होत्या त्या. तो तुम्ही काढून घेतला. मरताना रडत होत्या."

सुशीलाबाईंनी ऐकून घेतलं.

परतताना विद्यानगरच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा त्या म्हणाल्या, "गटात कुकटपल्लीचा उमाजी म्हणून एक आहे. त्याला शुगर आहे."

"तो ऐकेल, आई?"

"कोण जाणे. शिव्या देईल बहुतेक." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "घर माहीत आहे मला. उद्या चल तू."